फादर, एक विचारू? – सेमिनरीत जाताना आणि तिथून परतताना

पुनरुत्थान काळातला चौथा रविवार म्हणजे आमचा 'उत्तम मेंढपाळ रविवार'. त्या दिवशी जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये पाचारणासाठी, म्हणजे देवाच्या कामाला येणाऱ्या बोलावण्यासाठी, प्रार्थना होते आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर पत्रं येऊन पडायला लागतात. मुलांची, आयांची, कधी कधी आजोबांचीही. यंदा एवढी आली की सासू-सुना, वाटण्या आणि मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) वाजणारे मोबाइल हे नेहमीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकलले आहेत. नावं छापत नाही. वसईत नाव न छापताही लोक बरोबर ओळखतात, त्याला माझा इलाज नाही.

*फादर, मी २१ वर्षांचा आहे, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. चौथीपासून वेदीसेवक होतो. गेलं वर्षभर सारखं मनात येतंय की आपण धर्मगुरू व्हावं. पण मला कुठला आवाज ऐकू आला नाही की स्वप्न पडलं नाही. उलट आमच्या युवासंघातली एक मुलगी मला आवडते. मग हे पाचारण म्हणायचं की नोकरीच्या भीतीनं शोधलेली पळवाट? घरी अजून कुणालाच बोललो नाही. – एक युवक, वसई*

बाळा, 'पळवाट' हा शब्द तुझा तूच लिहिलास, म्हणून मला तुझी फारशी काळजी वाटली नाही. ज्यांना तो सुचत नाही, त्यांच्याशी जास्त बोलावं लागतं.

आधी आवाजाचं. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले होते. ओव्हल मैदानावर युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचा जागतिक मेळावा, भरली होती. मी पंधरा वर्षांचा. गावातली चाळीसेक माणसं वसई रोडहून लोकलनं चर्चगेटला गेलो, बायकांच्या डोक्यावर भाकऱ्यांची गाठोडी. तिथे पोपनी सहा बिशपांना दीक्षा दिली. मला काय दिसलं म्हणशील तर पुढच्या माणसाची मान आणि त्याच्या कानाशेजारून लांबवर एक पांढरा ठिपका. पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत असे की त्या मैदानावर मला पाचारण झालं. ऐकायला बरं वाटायचं, टाळ्याही पडायच्या. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि कधी एकदा भाकरी सोडतात असं मला झालं होतं.

माझं पाचारण म्हणून जे काही असेल ते एका कंदिलाशी आहे. आमच्या धर्मग्रामाचे, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचे, फादर रात्री-अपरात्री आजाऱ्याकडे जायचे. वीज नव्हती, वाट बांधावरून आणि बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, कडेनं, पावसाळ्यात तर पाय कुठे ठेवायचा तेच कळायचं नाही. चर्चजवळ घर असलेला आणि हाकेला उठणारा पोरगा म्हणजे मी, तेव्हा कंदील माझ्या हातात. एका रात्री एका म्हाताऱ्याकडे गेलो. त्याची वाचा गेली होती, पापनिवेदन करायचं कसं? फादर सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसले, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तू नुसता हात दाब, बाकीचं मी बोलतो." म्हातारा हात दाबत राहिला. मी कंदील धरून उभा, काच तापलेली, माझ्या पोटरीला डास चावतायत. तेव्हा एवढंच वाटलं की हे काम आपल्याला जमेल. 'करायलाच हवं' असं नाही, 'जमेल' असं. माझ्या पाचारणाची बारशाची तारीख विचारलीस तर ती मी हीच सांगेन, ओव्हलची नाही.

आणखी एक गंमत. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असायची. वेदीच्या पायरीशी फादर म्हणायचे, "इन्त्रोइबो आद आल्तारे देई", आणि आम्ही पोरं पोपटासारखी उत्तर द्यायचो, "आद देउम क्वी लेतिफिकात युवेन्तुतेम मेआम." रोज पहाटे साडेपाचला, डोळ्यांत झोप. अर्थ ठाऊक नाही. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, गेल्यावर कळला: "माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे." सात वर्षं मी हे म्हणत होतो आणि मला पत्ता नव्हता. तुझंही काहीसं तसंच असेल. कशाला उत्तर देतोयस ते आज समजलंच पाहिजे असं नाही.

आता मुलगी. ती आवडते याचा अर्थ तुझं मन धडधाकट आहे. आयुष्यात कधी कुणी आवडलंच नाही असं छातीठोक सांगणारा मुलगा आला की मीच जरा सावरून बसतो. येशूच्या पट्टशिष्याला, संत पेत्राला, सासू होती, शुभवर्तमानात लिहिलंय. प्रभूनं तिचा ताप घालवला. लॅटिन चर्चमध्ये धर्मगुरूचं ब्रह्मचर्य हा नियम काल-परवाचा नाही तसा पहिल्या दिवसापासूनचाही नाही, ११३९ च्या लॅटरन परिषदेत तो पक्का झाला. सेमिनरीत पाऊल टाकलं म्हणून कुणी तुझ्याकडून वचन घेत नाही. ते डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या आधीची पायरी, होताना द्यायचं असतं, म्हणजे आठ-नऊ वर्षांनी. मधल्या काळात विचार करायला वेळच वेळ. फक्त एक कर, तिला ताटकळत ठेवू नकोस. "मी आत जाऊन बघतो, नाही जमलं तर तू आहेसच" हे तोंडानं म्हणायचं नाही आणि मनात ठेवून वागायचंही नाही. ती काही सुटकेची खिडकी नाही.

पळवाटेवर उपाय सोपा आहे. बी.कॉम. पूर्ण कर. मग वर्षभर नोकरी कर, विरार लोकलला लोंबकळ, पहिल्या महिन्याचा पगार आईच्या हातात दे. ज्याला नोकरी मिळत नाही म्हणून फादर व्हायचंय त्यानं आधी नोकरी मिळवून दाखवावी. पगार खात्यात पडू लागल्यावरही ती टोचणी राहिली तर बोलू.

दरम्यान तुमच्या प्रमुख धर्मगुरूंना विचारून एक अख्खा रविवार त्यांच्या मागे फिर. तीन मिस्सा, एखादा अंत्यविधी, दोन बाप्तिस्मे हे तर दिसेलच. पण हॉलच्या बुकिंगवरून भांडणारे दोन चुलतभाऊ, गळकं छप्पर, शाळेच्या ॲडमिशनसाठी चिठ्ठी मागायला आलेले सात जण आणि संध्याकाळी थंड झालेला चहा, हेही बघ. मला या कामात प्रवचनापेक्षा छपरांनी जास्त छळलं. एवढं बघून रात्री घरी जाताना मन हलकं असेल तर मला फोन कर. जड असेल तरी कर.

*नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक, ख्रिस्ती नाही. मित्राकडे तुमचं मासिक वाचतो. आमच्याकडे गुरवपण घराण्यातून येतं, कीर्तनकार गुरूपाशी राहून तयार होतो. तुमच्याकडे फादर कसे तयार होतात? किती वर्षं लागतात आणि शिकवतात तरी काय?*

गुरुजी, आमच्याकडे घराणं चालतच नाही, कारण उघड आहे. म्हणून प्रत्येक पिढीत नवं माणूस शोधावं लागतं आणि ते पारखून घ्यावं लागतं.

मुलगा दहावी-बारावीनंतर किंवा पदवी घेऊन येतो. धर्मप्रांताच्या पाचारण शिबिराला जातो, त्याच्या चर्चचे फादर शिफारस देतात, मुलाखती, वैद्यकीय तपासणी. मग पूर्वतयारीचं वर्ष, त्यात भाषा, प्रार्थना आणि स्वतःचे कपडे स्वतः धुणं. मग तत्त्वज्ञान. तुम्हाला नवल वाटेल, पण तिथे ख्रिस्ती तत्त्वज्ञ अ‍ॅक्विनाससोबत शंकराचार्य आणि बुद्धही अभ्यासाला असतात. माझ्या वेळी ब्रह्मसूत्रावरचा तास दुपारी जेवणानंतर असायचा, त्यामुळे माया म्हणजे काय ते मी अर्धवट झोपेतच अनुभवलं. त्यानंतर साधारण वर्षभर बाहेर, एखाद्या धर्मग्रामात नाहीतर शाळा-वसतिगृहात राहून काम करायचं. त्याला रीजन्सी म्हणतात. परत येऊन चार वर्षं ईशज्ञान: बायबल, नीतिशास्त्र, चर्चचा कायदा, प्रवचन कसं द्यावं, पापनिवेदन कसं ऐकावं. शेवटी डीकन. डीकन बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, प्रवचन करतो, पण मिस्सा अर्पण करू शकत नाही. किमान सहा महिने तसा राहिल्यावर गुरुदीक्षा, आणि वयाची पंचवीस वर्षं पूर्ण असायलाच हवीत. बारावीनंतर धरलं तर नऊ-दहा वर्षं कुठे गेली नाहीत. जेजुइटांसारख्या व्रतस्थ संघांत त्याहून जास्त.

हे सगळं कुठे? मुंबई भागातली मुलं पिढ्यानपिढ्या गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत शिकली, मीही तिथलाच. गोव्यात राशोलची सेमिनरी आहे, गोवेकर रायतूर म्हणतात ती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून टेकडीवर उभी आहे. पुण्यात नगर रस्त्यावर पेपल सेमिनरी आहे. ती १८९३ साली श्रीलंकेत कँडीला सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्याला आणली, देशभरातली मुलं तिथे येतात. शिकून बाहेर पडलेले सगळे काही घंटा वाजवत बसत नाहीत. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो तुम्हाला ठाऊकच असतील, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. आमच्याकडे हरित वसईच्या आंदोलनामुळे लोक त्यांना आधी ओळखतात, साहित्यामुळे नंतर.

आता तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. दीक्षेआधी उमेदवाराचं नाव त्याच्या गावच्या चर्चमध्ये रविवारी वाचून दाखवतात: या मुलाविषयी कुणाची हरकत असेल तर कळवा. सबंध गाव ऐकतं. ज्यांच्या झाडाचे आंबे त्यानं पाडले ते सगळे तिथे बसलेले असतात. दीक्षेच्या दिवशी त्याला नावानं पुकारतात, तो "मी उपस्थित आहे" म्हणून पुढे येतो आणि बिशप सर्वांदेखत विचारतात, "हे योग्य आहेत, हे आपणास ठाऊक आहे का?" उत्तर देणारा 'हो, हुशार आहे' असं म्हणत नाही. ख्रिस्ती लोकांकडे चौकशी केली आणि त्यावरून हे योग्य ठरले आहेत, अशी साक्ष देतो. मग उमेदवार वेदीपुढे पालथा पडतो, साष्टांगच म्हणा ना, आणि सगळं चर्च संतांची नावं घेत त्याच्यासाठी प्रार्थना करतं. फरशी थंड असते. मी पडलो होतो तेव्हा नाकाला मेणाचा वास येत होता आणि डोळ्यांसमोर आमच्या धर्मशिक्षणाच्या बाईंची चप्पल होती. त्यानंतर बिशप डोक्यावर दोन्ही हात ठेवतात, काहीही न बोलता. सगळ्या विधीत इतकी शांतता दुसऱ्या कुठल्या क्षणी नसते.

*फादर, माझा एकुलता एक मुलगा बारावीला आहे आणि सेमिनरीत जायचं म्हणतो. मालक गेले, घरी मी आणि तो. वाडी थोडीच आहे, केळी आणि सोनचाफा. तो गेला की हे कोण बघणार? आणि म्हातारपणी मला कोण? लोक म्हणतात, देवाला नाही म्हणू नये. मी पापी ठरते का? – एक आई, गास*

ताई, तुम्ही पापी नाही. तुम्ही घाबरला आहात, त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 'देवाला नाही म्हणू नये' असं म्हणणाऱ्यांना विचारा, त्यांचा स्वतःचा मुलगा कोणत्या सेमिनरीत आहे.

व्यवहाराचं आधी सांगतो, कारण ते कुणी नीट सांगत नाही. मुलगा धर्मप्रांतीय धर्मगुरू झाला तर तो बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं आणि ब्रह्मचर्याचं वचन देतो, गरिबीचं व्रत घेत नाही. वडिलोपार्जित जमीन त्याच्या नावावर राहू शकते, आईची जबाबदारीही तो घेऊ शकतो. संघात गेला, जेजुइट किंवा फ्रान्सिस्कन झाला, तर तिन्ही व्रतं येतात आणि मग मालमत्तेचं गणित बदलतं. तो नक्की कुठे जायचं म्हणतोय, हे त्याला विचारा. बारावीच्या मुलाला बहुधा माहीत नसतं. मला माहीत नव्हतं. धर्मगुरूला दरमहा मानधन मिळतं. त्यात सून सांभाळली गेली नसती, एवढं सांगतो.

आणि म्हातारपणाचं म्हणाल तर आपल्या आळीतली घरं मोजा. कॅनडाला गेलेली, दुबईला गेलेली मुलं किती? त्यांच्या आया संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नातवंडांना 'फ्लाइंग किस' देतात आणि मग एकट्या माळेची प्रार्थना म्हणतात. धर्मगुरू झालेला मुलगा निदान आपल्या धर्मप्रांतात, वसई ते डहाणूच्या पट्ट्यात कुठेतरी असतो. हे सांत्वन म्हणून सांगत नाही, हिशेब म्हणून सांगतो.

माझ्या आईची गोष्ट सांगतो आणि थांबतो. दीक्षेच्या वेळी बिशप आमच्या तळहातांना पवित्र तेल लावतात. ते तेल ज्या कापडाला पुसायचं ते पांढरं कापड आईला द्यायचं, अशी जुनी रीत आहे. मी १९७७ साली दिलं. तिनं ते पत्र्याच्या पेटीत लग्नाच्या लाल लुगड्याच्या घडीत ठेवलं, डांबराच्या गोळ्या टाकून. वर्षातून एकदा पेटी उन्हात ठेवायची तेव्हा बाहेर काढायची, वास घ्यायची आणि म्हणायची, "गेला वास." तेलाचा वास जाऊन डांबराचा उरला होता. १९९८ साली, वसई वेगळा धर्मप्रांत झाला त्याच वर्षी, ती गेली. कापड तिच्या हातांत गुंडाळून मी तिला पुरलं. पण ताई, हेही ऐका: मी आत जायचं म्हटलं तेव्हा ती तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. चौथ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "जा, पण मी सांगितलं म्हणून जाऊ नको आणि मी रडले म्हणून थांबू नको." तुम्ही तीन दिवस घ्या. तीन महिने घ्या. त्याची बारावी होऊ दे. आणि सोनचाफ्याला माणूस मिळतो, मी दोन-तीन नावं कळवतो.

*फादर, मी सहा वर्षं सेमिनरीत होतो. रीजन्सीच्या वर्षात कळलं की हे माझं नाही, मीच परत आलो. आता ३१ वर्षांचा आहे, खाजगी कंपनीत नोकरी. आई अजून मिस्सेला शेवटच्या बाकावर बसते. स्थळ आलं की 'सेमिनरी सोडलेला' एवढं ऐकून बोलणी थांबतात. जणू काही तुरुंगातून सुटून आलोय. – नाव छापू नका*

तुझ्या पत्राला सगळ्यात शेवटी उत्तर लिहायला घेतलं, कारण ते टाळत होतो.

मी १९६६ साली मॅट्रिक होऊन आत गेलो आणि १९७० च्या मे महिन्यात परत आलो. हे बऱ्याच जणांना माहीत नाही, माझ्या रौप्यमहोत्सवाच्या पुस्तिकेतही ते वर्ष गुळगुळीत केलेलं आहे. परत येताना मुद्दाम संध्याकाळची गाडी पकडली, अंधारात गावात शिरता यावं म्हणून. हातात ट्रंक, तिच्यात घडी घातलेला पांढरा झगा. कुत्र्यानं ओळखलं आणि सगळ्या आळीला कळवलं. वडील ओट्यावर बसले होते. ट्रंककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पहाटे पानं खुडायचीत."

आमची पानवेल होती, विड्याच्या पानांची. वर्षभर मी पहाटे पानं खुडली, पाण्यात भिजवून गड्ड्या लावल्या, करंड्या स्टेशनला पोचवल्या. वडिलांनी एकदाही विचारलं नाही. गावानं न विचारता ठरवून टाकलं: कुणी म्हणे लॅटिन जमलं नाही, कुणी म्हणे पोरगी आहे. लॅटिन खरंच जमलं नव्हतं. चर्चमध्ये मी खांबाच्या मागे उभा राहायचो. तुझ्या आईचा शेवटचा बाक मला चांगला माहीत आहे.

पुढच्या वर्षी, पाऊस तोंडावर आलेला, रात्री जेवताना वडील म्हणाले, "रहाटाचा बैल म्हातारा झाला. तू राहणार असशील तर दुसरा बैल घेतो. नसशील तर इंजिन घेतो." तेव्हा वसईत रहाट जाऊन पाण्याची इंजिनं यायला लागली होती. एकट्या माणसाला बैल झेपत नाही, इंजिन झेपतं. माझ्या हातात घास होता. मी म्हटलं, "इंजिन घ्या." ते "बरं" म्हणाले आणि भात मागितला. माझ्या आयुष्यातला होकार म्हणजे हा. बिशपांपुढे नंतर जे म्हटलं ते सगळं यानंतरचं.

आता हे ऐकून कुणी म्हणेल, बघा, फादर गेले ना परत! म्हणून मुद्दाम लिहितो: मी 'बैल घ्या' म्हटलं असतं तरी ते वर्ष तेवढंच खरं ठरलं असतं. माझ्यासोबत चौदा जण आत गेलो होतो, पाच धर्मगुरू झालो. बाकीच्या नऊ जणांत एक हेडमास्तर, एक बँकेतला, एक आमच्या चर्चचा ऑर्गन वाजवणारा. सेमिनरी पारखण्यासाठीच असते. जिथून कुणी परतच येत नाही तिथे पारख होत नाही, भरती होते.

आपल्या वसईचाच संत घे, गोन्सालो गार्सिया. लहानपणीच तो इथून जपानला गेला, जेजुइटांसोबत धर्मशिक्षक म्हणून राबला, त्यांच्या संघात घेतील म्हणून वाट पाहिली. घेतलं नाही. मग त्यानं व्यापार केला, चांगला केला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन झाला, तोही फादर नाही, साधा ब्रदर. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं आणि १८६२ साली तो संत जाहीर झाला. आपण त्याचा सण बँड लावून करतो आणि परत आलेल्या पोराच्या आईला मागच्या बाकावर बसवतो. आपल्या लोकांचं मला कधी कधी काही कळत नाही.

लग्नाचं. तू डीकन झाला नव्हतास, त्यामुळे लग्नाला तुला कुणाचीही खास परवानगी लागत नाही. मुलीकडचे दबकत विचारतील तेव्हा हे सरळ सांग. किंबहुना विचारण्याआधी तूच सांग, पहिल्याच भेटीत, चहा येण्याआधी: "सहा वर्षं सेमिनरीत होतो, मला ते योग्य वाटलं नाही म्हणून आलो." जे उठून जातील ते लवकर गेले म्हणून बरं. जी मुलगी विचारेल, "तिथे जेवण कसं असायचं?" तिचं नाव मला कळव.

आईला सांग, येत्या रविवारी सातच्या मिस्सेला मी तुमच्या चर्चमध्ये आहे. तिनं पहिल्या बाकावर बसावं. मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि प्रतिसाद जोरात म्हणणारं कुणीतरी समोर लागतं.

*फादर, मी सातवीत आहे. मी वेदीसेवक आहे. मला फादर व्हायचंय पण मला गणितात ३५ मार्क आहेत आणि मी दोनदा घंटा वाजवायला विसरलो. चालेल का?*

चालेल. फ्रान्समधले संत जॉन व्हियानी सगळ्या धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते आहेत. त्यांना लॅटिन फार जड जायचं, परीक्षेत ते नापासही झाले, तरी १८१५ साली वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी फादर झाले. गणिताचं ताईला नाहीतर दादाला विचार, फादरला विचारू नकोस. हॉलचा हिशेब आम्ही सगळे खजिनदाराकडून करून घेतो.

घंटेचं म्हणशील तर विसरणं परवडलं. मी तुझ्याएवढा असताना एकदा पायरीवर बसून डुलकी लागली, दचकून जागा झालो आणि जोरात घंटा वाजवली. फादरांचं प्रवचन तेव्हा ऐन मध्यावर होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं आणि प्रवचन तिथेच संपवलं. बाहेर आल्यावर तिघांनी मला केळी दिली.